लेकराच्या दुखण्यावर सब्र कोणाचा?

अडचणीत सापडलेला माणूस मशिदीत इमामाकडे येतो, तेव्हा त्याला दरवेळी उत्तरच हवे असते असे नाही. बहुधा त्याला धीर हवा असतो. आणि धीर देण्यासाठी आम्हा इमामांच्या जिभेवर एक शब्द सदैव तयार असतो : सब्र. मय्यतीच्या घरी, दवाखान्याच्या दारात, बुडालेल्या धंद्याच्या हिशेबापुढे मी हा शब्द शेकडो वेळा उच्चारला आहे. त्यांपैकी एके वेळी तो अर्थ समजावून उच्चारला असता तर एका मुलीचा डोळा कदाचित वाचला असता, असे मला आज वाटते. त्या प्रसंगाने मला कुरआन व हदीसकडे पुन्हा एका विद्यार्थ्याप्रमाणे वळवले. त्यातून जो प्रश्न पुढे आला, तो वाचकांसमोर ठेवण्यासाठी हा लेख. प्रश्न असा : आपल्या लेकराच्या वाट्याला मोठे दुखणे आले, तर आईबापांनी सब्र करायचा म्हणजे नेमके काय करायचे? दुखणे एकाचे आणि सब्र दुसऱ्याचा, असे होऊ शकते काय?

प्रसंग असा घडला. दोन वर्षांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ मला भेटले. सेंट्रिंगच्या कामावर जाणारा, रोजच्या हजेरीवर घर चालवणारा साधा, नमाजी माणूस. सोबत सहा वर्षांची मुलगी होती. चौथ्या वर्षी तिचा गुडघा सुजला होता. सकाळी उठली की लंगडायची, दुपारपर्यंत खेळायला लागायची. पडली असेल म्हणून घरच्यांनी लेप लावले. सूज महिनाभराहून अधिक टिकली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना दाखवले. लहान मुलांमध्ये होणारा संधिवात, असे निदान झाले. डॉक्टरांनी सोबतच डोळे तपासून घ्यायला सांगितले, आणि दुसऱ्याच तपासणीत दोन्ही डोळ्यांच्या आत दाह आढळला. डोळ्यांत घालायचे थेंब, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी आणि पुण्याच्या खेपा सुरू झाल्या.

ते मला म्हणाले, “मौलाना, डोळे तर स्वच्छ दिसतात. पोरगी तक्रार करत नाही. गुडघ्याची सूजही उतरली. तरी पुन्हा पुन्हा बोलावतात. दर खेपेला दोन दिवसांची हजेरी बुडते. काय करावं समजत नाही.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “सब्र करा. ही आजमाइश आहे. सब्र करणाऱ्याला अल्लाह एकटं सोडत नाही.”

मी खोटे काहीच बोललो नव्हतो. परंतु त्यांनी जे ऐकले ते असे : आता धावपळ पुरे, जे होईल ते स्वीकारा. पुढचे आठ महिने ते पुण्याला गेले नाहीत. थेंब संपले ते पुन्हा आणले गेले नाहीत. मुलगी फळ्यावरचे लिहून घेताना शेजारणीच्या वहीत पाहते, हे शाळेतील बाईंच्या लक्षात आले, तेव्हा पुन्हा तपासणी झाली. उजवा डोळा बराच सावरला. डाव्या डोळ्याची बाहुली मात्र आतून चिकटली होती, मोतीबिंदू धरू लागला होता, आणि त्या डोळ्याची गेलेली नजर पुरती परत येण्याची आशा डॉक्टरांना नव्हती.

मी घरी भेटायला गेलो. मुलीचे वडील अल्लाहची मर्जी म्हणून गप्प बसले. आई दाराआडून शांतपणे म्हणाली, “मौलाना, सब्र आम्ही केला. भोगलं मात्र तिनं.”

त्या बाईंच्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कारण ते वाक्य खरे होते.

न दुखणारे दुखणे

विचार पुढे नेण्याआधी या आजाराचे स्वरूप जाणून घेणे आवश्यक आहे, कारण पालकांची फसगत नेमकी त्या स्वरूपामुळेच होते. अल्लाहने आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक फौज ठेवली आहे. काही आजारांत ही फौज आपल्याच शरीराला परके समजून त्याच्यावर हल्ला करते. अशा आजारांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकणारा, ज्याचे दुसरे कारण सापडत नाही असा संधिवात हा त्यांपैकी एक. तो झालेल्या काही मुलांच्या डोळ्यांतही दाह होतो, त्याला युव्हिआयटिस म्हणतात. लहान वयात, थोड्याच सांध्यांत संधिवात सुरू झालेल्या मुली, आणि ज्यांच्या रक्तात एएनए नावाची विशिष्ट प्रतिपिंडे आढळतात अशी मुले, यांना हा धोका अधिक.

डोळे आले की लाल होतात, दुखतात, पाणी गळते. म्हणून आपण धावतो. या दाहात बहुतेकदा असे काहीच होत नाही. डोळा पांढरास्वच्छ दिसतो. मूल रडत नाही. सांध्यांची सूज उतरलेली असतानाही डोळ्यांत दाह चालू राहू शकतो. तो फक्त स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली दिसतो. म्हणूनच धोका अधिक असलेल्या मुलांचे डोळे तक्रार नसतानाही साधारण दर तीन महिन्यांनी तपासावे लागतात. दाह तसाच राहिला तर बाहुली आतल्या भिंगाला चिकटते, मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो आणि नजर जाते.

यावर उपाय आहेत. आधी स्टेरॉइडचे थेंब देतात. परंतु ते दीर्घकाळ चालले तर त्यांच्यामुळेही मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो. म्हणून मेथोट्रेक्झेट हे औषध आठवड्यातून एकदाच देतात. ते चुकून रोज दिले तर जिवावर बेतते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. त्यानेही भागले नाही तर अडालिमुमॅबचे इंजेक्शन बहुधा दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत अशी ९० मुले होती. मेथोट्रेक्झेटसोबत हे इंजेक्शन मिळालेल्या ६० मुलांपैकी १६ जणांत उपचार अपुरा पडला. इंजेक्शन न मिळालेल्या ३० पैकी १८ जणांत तो अपुरा पडला. म्हणजे या औषधाने सर्वांचे डोळे वाचतात असे नाही, परंतु पुष्कळ मुलांचे वाचतात. आपल्या देशात हे इंजेक्शन देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करणे विशेष महत्त्वाचे असते, आणि या औषधांवर असताना काही लसी देता येत नाहीत. म्हणून थेंब असो, गोळी असो वा लस, कोणतीही गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू वा बंद करू नये.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की अशा आजारात सब्र या शब्दाचा चुकीचा अर्थ थेट डोळ्यावर उतरतो. ज्या दुखण्यात मूल ओरडत नाही, तेथे पालकांची सावधगिरी हाच त्या मुलाचा आवाज असतो.

पाप कोणाचे?

आजार समजताच घरात पहिला प्रश्न उठतो तो औषधाचा नव्हे, तर पापाचा. आपण असे काय केले म्हणून हे घडले? या प्रश्नाचे बोट बहुधा आईकडे वळते. गरोदरपणी ग्रहणात बाहेर आली होती काय, काही चिरले-कापले होते काय, कोणाची नजर लागली काय, असे प्रश्न आपल्या मुस्लिम घरांतही विचारले जातात. हे दुःखाने सांगावे लागते.

ग्रहणाचीच गोष्ट निघाली आहे, तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातील घटना आठवावी. त्यांचा लहानगा पुत्र इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्याला ग्रहण लागले. शोकात बुडालेल्या पित्याला असे बोलणे गोड वाटले असते, परंतु प्रेषितांनी (स.) ते तेथेच खोडून काढले. सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या जन्ममरणासाठी त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी लोकांना समजावले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जो धर्म प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूशी ग्रहणाचा संबंध जोडू देत नाही, तो एका मजुराच्या मुलीच्या आजाराशी तिच्या आईच्या ग्रहणातील वावराचा संबंध कसा जोडू देईल?

दुसरे असे की कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा नियम कुरआनने अनेक ठिकाणी घालून दिला आहे (६ : १६४, १७ : १५). आईबापांच्या गुन्ह्यासाठी लेकराचा डोळा घेणे हा त्या न्यायी अल्लाहचा न्याय नव्हे. आणि मुलाचा स्वतःचा तर गुन्हाच नाही. वयात येईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, असे हदीस सांगते. मग हा आजार का? अल्लाहच्या हिकमतीतील सगळे ‘का’ आपल्याला उलगडून दिलेले नाहीत. ते उलगडल्याचा आव आणणे ही श्रद्धा नव्हे, धाडस आहे. आईबापांसाठी ही परीक्षा आहे हे खरे. परंतु येथे जपून पाऊल टाकले पाहिजे. मूल म्हणजे आपल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका नव्हे. तो एक स्वतंत्र जीव आहे, अल्लाहचा स्वतंत्र दास आहे, आणि त्याचा डोळा त्याचा स्वतःचा आहे.

सब्र आणि सबुरी

मराठीने सब्र हा शब्द अरबी-फारसीतून घेतला आणि त्याची सबुरी केली. जरा सबुरीने घ्या, असे आपण म्हणतो तेव्हा थांबा, घाई करू नका, वाट पाहा, एवढाच त्याचा अर्थ असतो. शब्द भाषेत रुळला, हे भाषेचे वैभव. पण रुळताना त्याचा मूळ जोर कमी झाला. अरबीत या धातूचा अर्थ रोखून धरणे, आवरणे असा आहे. जिभेला तक्रारीपासून आवरणे, मनाला निराशेपासून आवरणे, पायांना कर्तव्य सोडून पळण्यापासून आवरणे म्हणजे सब्र. सबुरीत माणूस थांबतो. सब्रमध्ये माणूस टिकतो. त्या जुम्याला मी सब्र म्हणालो आणि त्या भल्या माणसाने सबुरी ऐकली. दोष ऐकणाऱ्याचा नव्हता.

या अर्थाचा सर्वांत मोठा दाखला एका पित्याचाच आहे. हजरत याकूब (अ.) यांच्यापुढे मुलांनी युसुफ (अ.) यांचा खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणून टाकला, तेव्हा त्यांनी सब्रे जमील, म्हणजे सुंदर सब्र, हाच मार्ग पत्करला (१२ : १८). वर्षे लोटली, दुसरा पुत्रही मिसरमध्ये अडकला, तेव्हाही त्यांच्या तोंडी तोच शब्द होता (१२ : ८३). शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले (१२ : ८४). आपले गाऱ्हाणे त्यांनी केवळ अल्लाहपाशी मांडले (१२ : ८६). आणि याच सब्र करणाऱ्या, नजर गमावलेल्या वृद्ध पित्याने पुढच्याच आयतीत मुलांना काय सांगितले? जा, युसुफ आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, असे त्यांनी बजावले (१२ : ८७).

सब्रे जमीलचा आदर्श म्हणून ज्यांच्याकडे आपण बोट दाखवतो, त्यांनीच शोधाचा आदेश दिला. आपल्या शोकावर त्यांनी सब्र केला. लेकराच्या हरवण्यावर केला नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुखातून, एकाच श्रद्धेतून निघाल्या. माझ्या मते या लेखाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. आईबापांचा सब्र त्यांच्या स्वतःच्या दुःखावर असतो. लेकराच्या दुखण्यावर त्यांच्याकडून सब्र नव्हे, इलाज मागितला आहे.

निवड कोणी केली?

यावर कोणी म्हणेल की उपचार न घेता सब्र करण्याचेही उदाहरण हदीसमध्ये आहे. आहे, आणि ते नीट वाचावे असे आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी आपल्या शिष्याला एक काळी स्त्री दाखवली आणि ही जन्नतवासी असल्याचे सांगितले. तिला फेफरे येत असे आणि त्यात तिच्या अंगावरचे वस्त्र सरकत असे. ती प्रेषितांकडे (स.) दुआसाठी आली. प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले : सब्र केलास तर जन्नत, आणि तुझी इच्छा असेल तर बरे होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला, मात्र वस्त्र सरकू नये यासाठी दुआ करण्याची विनंती केली आणि प्रेषितांनी (स.) तशी दुआ केली.

या हदीसमधील तीन गोष्टी डोळ्यांआड होतात. दुखणे त्या स्त्रीचे होते. ती जाणत्या वयाची होती. आणि निवड तिने स्वतः केली. तिच्या वतीने तिच्या बापाने वा भावाने केली नाही. ज्याच्या दोन प्रिय वस्तू, म्हणजे डोळे, अल्लाहने घेतले आणि त्याने सब्र केला, त्याला त्यांच्या बदल्यात जन्नत, हे वचनही बुखारीत आहे. ते वचन ज्याचे डोळे गेले त्याच्या सब्रला आहे. शिवाय अल्लाहने नेणे वेगळे आणि आपण दवडणे वेगळे. सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांचा त्याग करून जन्नत मिळवण्याचा अधिकार बापाला कोणी दिला?

प्रेषितांचे (स.) सांगणे असे की तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल. राखणदार स्वतःच्या भाकरीचा त्याग करू शकतो, कळपातील कोकराचा नाही. मूल ही अमानत आहे, आणि अमानतीत उदारपणा दाखवता येत नाही. तेथे हिशेब द्यावा लागतो. अल्लाहच्या दासांनो, औषधोपचार करा, म्हातारपणाखेरीज अल्लाहने प्रत्येक आजाराला औषध ठेवले आहे, असा प्रेषितांचा (स.) उपदेश अबू दाऊद व तिरमिजी यांत आहे. मोठ्या माणसाने स्वतःच्या असाध्य आजारात उपचार घ्यावा की न घ्यावा, यावर धर्मपंडितांत चर्चा आहे. परंतु ज्या मुलाचा डोळा औषधाने वाचण्याची मोठी आशा आहे, त्याच्या पालकाला त्या चर्चेचा आडोसा घेता येणार नाही.

काहींना वाटते की इतकी धावपळ म्हणजे तकदीरवर अविश्वास. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवरून प्लेगची वार्ता ऐकून माघारी फिरले, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी त्यांना हाच आक्षेप घेतला होता. अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे आपण चाललो आहोत, असे त्यांचे उत्तर होते. आजार तकदीर आहे. स्लिट लॅम्प, थेंब आणि पुण्याची एस.टी. हीसुद्धा तकदीरच आहे. दम केलेले पाणी प्यायला देण्यास, कुरआन पढून मुलावर फुंकण्यास कोणाची ना नाही. मीही ते करतो. परंतु दाह झालेल्या डोळ्यात कोणतेही पाणी, मध वा सुरमा घालणे आणि त्यासाठी थेंब बंद करणे हा तवक्कुल नव्हे. उंट बांधा आणि मग भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

सब्रची खरी जागा

मग आईबापांना सब्र लागतच नाही काय? लागतो, आणि फार मोठा लागतो. फक्त त्याची जागा ओळखली पाहिजे.

एका पालकाने मला सांगितले की इंजेक्शनच्या वेळी मुलाचे रडणे बघवत नाही, म्हणून दोनदा ते टाळले. मी त्यांना विचारले, तुम्ही कोणाचे दुःख वाचवले? मुलाचे की स्वतःचे? ते बराच वेळ गप्प राहिले. दया आणि दुबळेपणा बाहेरून सारखेच दिसतात. लेकराच्या रडण्याने आपले काळीज फाटते, आणि ते काळीज वाचवण्यासाठी आपण सुई टाळतो. त्याला माया म्हणतो. सब्र येथे हवा : एका हाताने ते चिमुकले बोट धरून, तोंडाने अल्लाहचे नाव घेत, त्याचे रडणे ऐकत जागेवर टिकून राहण्यात.

सब्र हवा तो दवाखान्याच्या रांगेत, बुडालेल्या हजेरीत, गोळीच्या दिवशी मळमळणाऱ्या मुलाची चिडचिड सोसण्यात. सब्र हवा तो अनिश्चिततेत, कारण हा आजार शांत होतो आणि पुन्हा उठतो, आणि डॉक्टरही कोणती तारीख देऊ शकत नाहीत. सब्र हवा तो नातेवाइकांच्या सल्ल्यांपुढे. आणि रडण्याला मनाई नाही. इब्राहीमच्या अंतसमयी प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले, डोळे गळतात, मन दुःखी होते, पण जिभेवर अल्लाहला न आवडणारा शब्द येत नाही, असे त्यांनी समजावले. आपण आईला रडू देत नाही, बापाला तर मुळीच नाही. हे प्रेषितांच्या (स.) सुन्नतीहून अधिक कठोर होणे आहे.

मूल एक दिवस विचारते, मलाच का? त्याला खोटे सांगू नये. तू काही वाईट केले म्हणून हे झाले नाही, हे त्याने पहिल्यांदा ऐकले पाहिजे, आणि ते आईबापांच्या तोंडून ऐकले पाहिजे. पुढे तो मोठा होईल, तेव्हा या दुखण्यावर सब्र करायचा की काय, ते तो स्वतः ठरवेल. तोवर तो ठरवू शकेल असे शरीर आणि असे मन त्याच्या हाती देणे एवढेच आपले काम.

आणि सारे करूनही नजर गेली तर? तसेही घडते. ज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे सर्व केले, त्याने स्वतःला जाळत बसू नये. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही (२ : २८६). ज्याच्याकडून हयगय झाली, त्याने तौबा करावी आणि उरलेल्या डोळ्यासाठी उद्या सकाळची एस.टी. धरावी. पश्चात्ताप बसून राहिला तर तोही स्वतःभोवतीच फिरू लागतो.

नजर गेलेले मूल म्हणजे अपुरे मूल नव्हे. एका अंध साथीदाराकडे प्रेषितांचे (स.) क्षणभर दुर्लक्ष झाले, तेव्हा अल्लाहने त्याविषयी सूरह अबस अवतरित केली. ते साथीदार म्हणजे हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.). पुढे प्रेषित (स.) मोहिमेवर जाताना मदीनेचा कारभार त्यांच्यावर सोपवून गेल्याच्या नोंदी आहेत. ते मदीनेतील मस्जिदचे मुअज्जिनही होते. रमजानमध्ये बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच होई, इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची अजान झाली की लोक सहरी थांबवत. म्हणजे फजर झाल्याचे जाहीर करण्याचे काम एका अंध माणसाकडे होते. त्यांना पहाट दिसत नव्हती. पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत, आणि मग ते अजान देत.

समाजाचे काम यात सामावलेले आहे. त्या अंध मुअज्जिनाला मदीनेने घरी बसवले नाही, आणि एकटेही सोडले नाही. आपल्याकडे अशा घरात आपण फळे घेऊन जातो, चार सल्ले देतो आणि परततो. त्यापेक्षा पुण्याच्या खेपेला सोबत म्हणून जावे. मागे राहिलेल्या भावंडांना आपल्या घरी जेवू घालावे. कुटुंब निसाबाखाली असेल तर जकात उपचारासाठी त्या पालकाच्या मालकीत, मान राखून, शांतपणे द्यावी. फोटो काढू नये. शाळेत मुलाला पुढच्या बाकावर बसवण्यासाठी शिक्षकांना भेटावे. दृष्टी फार कमी झाली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मिळणाऱ्या शिक्षणाच्या सवलतींची माहिती त्या घरापर्यंत पोहोचवावी. आणि मकतबमध्ये त्या मुलाला मोठ्या अक्षरांचा कायदा द्यावा. नाहीच दिसले तर कानांनी शिकवावे. कुरआन आधी ऐकला गेला, मग लिहिला गेला.

आता कोणी पालक आजारी लेकरू घेऊन माझ्याकडे आले की सब्र हा शब्द मी एकटा पाठवत नाही. आधी विचारतो, पुढची तपासणी केव्हा आहे? गाडीभाड्याची सोय आहे काय? सोबत कोण जाणार? मग म्हणतो, सब्र करा. त्या मुलीचे वडील आता थेंब नमाजच्या वेळांना जोडून घालतात. फजर पढून येतात, हात धुतात, तिची मान मागे टेकवतात, उजव्या डोळ्यात एक थेंब, डाव्यात एक. नजर थोडी असो वा फार, दोन्ही डोळ्यांत. ती कुरकुरते. ते थांबत नाहीत.

हे अल्लाह! ज्या घरांत लेकरांचे डोळे दुखत आहेत, त्या घरांना शिफा दे. आईबापांना आपल्या दुःखावर सब्र दे आणि लेकरांच्या दुखण्यावर इलाज करण्याची ताकद दे. आमच्या जिभेतून निघालेल्या अर्धवट शब्दांना क्षमा कर, आणि ज्यांना त्यांची झळ लागली त्यांना भरपाई दे. आमीन.